मोठा डोस नको, पूर्ण वर्ष द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



आपल्या खात्याकडे येणाऱ्या टपालात डेंग्यू असतो, रिक्त पदं असतात, नादुरुस्त रुग्णवाहिका असतात, बदल्या तर बारमाही. त्या ढिगात मी आणखी एक कागद घालतो आहे. तोही अशा आजारासाठी, ज्याचं नाव सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलावरचा आरोग्यमित्रसुद्धा दोनदा विचारून लिहितो. रॅब्डोमायोसार्कोमा. स्नायू, चरबी, नसांभोवतीचं आवरण अशा मऊ ऊतींत जे कर्करोग होतात, त्यांतला मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा हा प्रकार. एकूण बालकर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम तीन-चार टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी मोहीम सुरू केली, २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुलं जगवायची असं ठरवलं आणि प्रगती मोजण्यासाठी सहा कर्करोग निवडले. त्या सहांत हा नाही. जे मोजलं जात नाही त्याला पैसा मिळत नाही, हे बँकेत नोकरी केलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

मी डॉक्टर नाही. निवृत्त झाल्यापासून परळ भागात बाहेरगावाहून आलेल्या आईबापांचे कागद करून देतो. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवणं, योजनेची मंजुरी, रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म, ट्रस्टांसाठी एस्टिमेट, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. औषध शिरेत कसं जातं ते मी दुरून पाहिलं आहे. त्याआधी कागद कसा अडतो ते अगदी जवळून. डॉक्टर मंडळींनी वेळात वेळ काढून समजावलं, काही वाचलं, आणि त्यातून एक गोष्ट पक्की झाली, ती आपल्यापर्यंत पोहोचवण्यासाठी हे पत्र. आजार पसरलेल्या मुलांना आणखी कडक, आणखी मोठा डोस देऊन पाहण्याचा रस्ता जगातल्या जाणत्या डॉक्टरांनी चालून पाहिलेला आहे. तो फार पुढे जात नाही. जे औषध माहीत आहे ते वेळच्या वेळी आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत मिळणं, यात आपली मुलं मागे पडतात. आणि हे सरकारला करता येण्यासारखं आहे.

आधी हे सांगतो की मुलं आमच्यापर्यंत इतकी उशिरा का येतात.

पाच-सहा वर्षांचं पोर, पोटरीवर गाठ. ‘सायकलवरून पडला होता’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात निघतं, कारण त्या वयातलं कुठलं पोर पडत नाही? मग आधी तेल लावून चोळणं. मग गावातल्या डॉक्टरांची अँटिबायोटिकची बाटली. मग कुणीतरी गळू समजून चिरा देतं. पू निघत नाही, रक्त येतं, जखम भरत नाही, आणि आतल्या पेशी आजूबाजूच्या निरोगी मांसात पसरून बसतात. नंतरच्या सर्जनचं काम त्या एका चिऱ्याने दुप्पट अवघड होतं. हाच आजार डोळ्याच्या खोबणीत झाला तर डोळा पुढे येतो आणि नजर लागली म्हणतात. नाकामागे झाला तर सर्दी. वृषणाजवळ झाला तर हायड्रोसील. यात आईबापांना बोल लावण्यात अर्थ नाही. एमबीबीएसच्या डॉक्टरलाही उभ्या आयुष्यात असं एखादं मूल दिसलं तर दिसेल.

पण आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेत. ती अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. केंद्राच्या मूळ यादीत तीस अवस्था आहेत: दुभंगलेला ओठ, जन्मजात हृदयदोष, कानाचं वाहणं, दातांची कीड, आकडी, शिकण्यातल्या अडचणी. कर्करोग त्यात नाही. राज्याला यादीत भर घालता येते. न दुखणारी, वाढत जाणारी, तीन-चार आठवडे झाले तरी न गेलेली गाठ दिसली तर चिरा न देता, सुई न टोचता बायोप्सीची सोय असलेल्या ठिकाणी पाठवा, एवढी एक ओळ पथकाच्या तक्त्यात आली तरी पुष्कळ. त्यासाठी नवीन पद निर्माण करावं लागत नाही.

आता औषधांविषयी थोडं. या उपचाराचा कणा असलेल्या तीन औषधांची कुळकथा मोठी मजेशीर आहे. व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून मिळतं. तीच, जी आपल्या एसटी स्टँडच्या कुंपणाला कुणी पाणी न घालता फुलते. डॅक्टिनोमायसिन मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून. ते १९४० मध्ये सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत हाती लागलं, आणि त्याच प्रयोगशाळेने पुढे क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन दिलं. तिसरं सायक्लोफॉस्फामाइड, पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड वायूच्या रासायनिक घराण्यातलं. युरोपात त्याच्या जागी त्याचं सख्खं भावंड आयफॉस्फामाइड वापरतात. म्हणजे एक फूल, एक मातीतला जीव आणि एक युद्धातलं विष. तिन्ही औषधं जुनी आहेत आणि तिन्ही आपल्या देशात तयार होतात.

आयफॉस्फामाइडच्या दिवसांत वॉर्डात काय चालतं ते आपण पाहावं असं मला फार वाटतं, पण मंत्री आले की वॉर्ड आवरलेला असतो, म्हणून लिहून सांगतो. हे औषध शरीरात मोडताना एक असा पदार्थ तयार होतो की तो मूत्राशयाचं अस्तर जाळतो. म्हणून सोबत मेस्ना नावाचं दुसरं औषध आणि सतत सलाईन. सलाईन चालू म्हणजे मूल दर तासा-दीड तासाला लघवीला. प्रत्येक वेळी आई ती मापाच्या भांड्यात धरते, उजेडात धरून मिलिलिटर वाचते, कागदावर वेळ आणि आकडा लिहिते आणि पट्टी बुडवून रक्त आहे का ते सिस्टरना दाखवते. रात्री दोनला, साडेतीनला, पाचला. ज्या बाईने गावाकडे बचतगटाच्या वहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, तिच्या हातचे असे तक्ते मी पाहिले आहेत, एक रकाना रिकामा नाही. या राज्यात उपचाराची शिस्त पाळण्याची कुवत कुणाकडे आहे असं मला कुणी विचारलं, तर मी त्या कागदाकडे बोट दाखवीन.

शिरेतून चाललेल्या औषधांचे इतरही हिशेब असतात. व्हिन्क्रिस्टिनने पावलं लुळी पडतात, मूल चालताना पाय आपटतं, जबडा दुखतो, पोट साफ होत नाही. डॅक्टिनोमायसिन यकृतावर येऊ शकतं. लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन वापरलं तर हृदयाची काळजी, आणि सायक्लोफॉस्फामाइडचा एकूण डोस वाढत गेला तर मोठेपणी मूल होण्याची शक्यता कमी. सगळ्यांत सामाईक म्हणजे काउंट पडणं. पांढऱ्या पेशी तळाला जातात, प्लेटलेट उतरतात, मग रक्त चढवा, प्लेटलेट चढवा, ताप आला की धावा.

आता ‘आणखी कडक’ या रस्त्याकडे येतो. हा रस्ता सुरुवातीला खरोखरच पुढे गेला होता, म्हणून तर त्याच्यावर एवढा विश्वास. १९७० च्या आसपास या आजाराचं चारातून एखादंच मूल जगायचं. १९७२ मध्ये अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी मिळून या एकाच आजारासाठी एक अभ्यासगट उभा केला आणि एकामागून एक चाचण्या घेतल्या. औषधं एकत्र दिली, वेळापत्रक बांधलं, किरणोपचार आणि शस्त्रक्रिया यांची सांगड घातली. आज आजार एकाच जागी असेल तर दहांतली सात मुलं बरी होतात. साहजिकच डॉक्टरांना वाटलं, आजार फुप्फुसात, हाडांत, अस्थिमज्जेत पसरला असेल तर याच औषधांचा जोर वाढवू.

आणि त्यांनी वाढवला. मुलाच्या रक्तातल्या मूळपेशी आधी काढून गोठवून ठेवायच्या, मग इतका मोठा डोस द्यायचा की मज्जा पार कोळपून जावी, आणि मग त्या पेशी परत सोडायच्या. लोक याला बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात आणि त्यांना वाटतं की ट्रान्सप्लांट म्हणजेच औषध. प्रत्यक्षात औषध तो मोठा डोस. पेशी परत देणं ही त्या डोसातून मुलाला जिवंत बाहेर काढायची सोय. युरोपात मेल्फालान या औषधाचा मोठा डोस देऊन पाहिला, स्पष्ट फायदा दिसला नाही. जर्मन भाषक देशांतल्या एका अभ्यासात मोठा डोस घेतलेली मुलं आणि महिनोन्‌महिने तोंडाने सौम्य औषधं घेतलेली मुलं, दोन्ही होती. पाच वर्षांनी पहिल्या गटात साधारण २७ टक्के हयात होती, दुसऱ्या गटात साधारण ५२ टक्के. हा निष्कर्ष २००८ मध्ये छापून आला. त्या अभ्यासात मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देता येत नाही हेही खरं. पण २०१० मध्ये कॉक्रेनच्या अभ्यासकांनी उपलब्ध असलेले सगळे अभ्यास एकत्र ठेवून पाहिले आणि पसरलेल्या रॅब्डोमायोसार्कोमासाठी मोठा डोस आणि मूळपेशी हा उपचार नेहमीचा म्हणून वापरणं समर्थनीय नाही असं म्हटलं.

अमेरिकेने दुसरा मार्ग धरला. डोस फार न वाढवता दोन डोसांमधलं अंतर कमी केलं, औषधांच्या जोड्या बदलत ठेवल्या, एकूण ५४ आठवडे. पसरलेल्या आजाराच्या १०९ मुलांवरचा हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी आजार परतला नव्हता अशी ३८ टक्के. पण हा एकच आकडा सांगणं म्हणजे अर्धी गोष्ट लपवणं. ज्या मुलांत धोक्याची खूण एखादीच होती किंवा नव्हतीच, त्यांच्यात हे प्रमाण ६९ टक्के निघालं. दोन किंवा जास्त खुणा असलेल्यांत २० टक्के. खुणा म्हणजे वय एक वर्षाच्या आत किंवा दहाच्या वर, गाठ अवघड जागी असणं, हाडांत किंवा मज्जेत आजार पोहोचणं, तीन किंवा जास्त ठिकाणी पसरणं. त्याआधी, २००८ मध्ये, अमेरिका आणि युरोपातल्या ७८८ मुलांची माहिती एकत्र करून याच खुणांचा तक्ता मांडला गेला होता: एकही खूण नसेल तर तीन वर्षांनी आजारमुक्त ५० टक्के, चारही असतील तर ५ टक्के. ‘चौथी स्टेज’ हा एकच शब्द आईबापांच्या तोंडावर फेकणाऱ्यांनी हा तक्ता भिंतीवर लावावा. चौथ्या स्टेजमध्येही पन्नास टक्के आणि पाच टक्के एवढं अंतर आहे.

मी ट्रान्सप्लांटच्या विरोधात नाही. न्यूरोब्लास्टोमासारख्या दुसऱ्या बालकर्करोगात मोठ्या डोसाचा फायदा दिसलेला आहे. पण मदतीचे आवाहन करणाऱ्या जाहिरातींत ‘ट्रान्सप्लांट’ या शब्दाला जो भाव येतो, तो आठवड्याच्या इंजेक्शनला येत नाही. एका बापाने, कुठल्याशा रुग्णालयात ‘शेवटचा उपाय’ म्हणून सांगितल्यावर, दीड एकर विकायला काढलं होतं. त्याच्या मुलाच्या नेहमीच्या औषधाची सायकल, म्हणजे ठरलेली फेरी, तेव्हा तीन आठवडे लांबलेली होती, कारण मंजुरीत नावातल्या एका वेलांटीचा घोळ होता. कालव्याच्या पाण्याची पाळी चुकली तर पुढच्या पाळीला दुप्पट पाणी सोडून पीक परत उभं राहत नाही, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी त्याने जमीन काढली, कारण त्याला मोठा खर्च म्हणजे मोठा उपचार असं वाटत होतं, आणि तसं वाटण्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. आपणही उद्‌घाटन यंत्राचंच करतो.

आता माझ्या मुख्य मागणीकडे येतो, आणि ती विलक्षण साधी आहे. युरोपातल्या डॉक्टरांच्या एका अभ्यासगटाने दोन प्रश्न विचारले. पहिला: नेहमीच्या औषधांत लाल औषध घालून जोर वाढवला तर? २०१८ मध्ये उत्तर आलं, फायदा नाही, त्रास मात्र जास्त. दुसरा: नेहमीचा उपचार संपल्यावर लगेच थांबण्याऐवजी सहा महिने अगदी हलका डोस चालू ठेवला तर? २०१९ मध्ये त्याचं उत्तर आलं. ३७१ रुग्ण, यावेळी चिठ्ठ्या टाकून विभागणी. जिथे उपचार थांबवला तिथे पाच वर्षांनी हयात ७३.७ टक्के, जिथे हलका डोस चालू ठेवला तिथे ८६.५. या आजारात कित्येक वर्षांत कुठल्याही नव्या महागड्या औषधाने एवढी उडी मारली नव्हती. ही मुलं धोका जास्त असलेल्या पण आजार न पसरलेल्या गटातली होती. पसरलेल्या आजारात हा हलका डोस किती महिने द्यावा याची चाचणी २०२० पासून युरोपात चालू आहे, आणि तोवर डॉक्टर तिथेही तो देतातच.

आता हा हलका डोस म्हणजे काय ते पाहा. व्हिनोरेल्बिनचं एक छोटं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, तीन आठवडे. चौथ्या आठवड्यात सुट्टी. सोबत सायक्लोफॉस्फामाइडची गोळी. अशा सहा फेऱ्या. डोस शरीराच्या क्षेत्रफळावर ठरतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर धरलं तर गोळीचा डोस दिवसाला २० मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला १४०. बाजारात गोळी ५० मिलिग्रॅमची, आणि ही गोळी मोडायची नसते. म्हणून डॉक्टर हिशेब करून देतात: सोमवार, बुधवार, शुक्रवार एकेक अख्खी गोळी. आई कालनिर्णयवर टिकल्या लावते आणि गोळी दिली की त्यावर फुली मारते. हा आहे तो उपचार. यासाठी बारा मजली इमारत लागत नाही.

पण त्या छोट्या इंजेक्शनसाठी हिंगोलीचं, गडचिरोलीचं, सिंधुदुर्गाचं मूल आज आठवड्याला मुंबई किंवा नागपूर गाठतं, किंवा सहा महिने खोली घेऊन राहतं, किंवा येणं सोडतं. शेवटच्या प्रकारातली मुलं सर्वांत जास्त अस्वस्थ करतात, कारण त्यांनी सगळ्यांत कठीण भाग पार केलेला असतो. आईबापांना वाटतं, गाठ गेली, केस उगवले, पोर खेळतंय, आता कशाला?

केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे केअर केंद्रं उभी करायची घोषणा झाली, त्यातली २०० पहिल्याच वर्षी. ही केंद्रं स्वाभाविकच मोठ्यांच्या हिशेबाने आखली जातील; स्तनाचा, तोंडाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग तिथे येईल. माझी विनंती आहे की महाराष्ट्रातल्या प्रत्येक केंद्रात आठवड्याचा एक ठरलेला दिवस मुलांचा असावा. मुख्य उपचार परळला, खारघरला, नागपूरला, जिथे तज्ज्ञ आहेत तिथेच. हा हलका डोस आणि दर आठवड्याचा काउंट जिल्ह्यात. तपासायचं काय आणि थांबायचं केव्हा हे मोठ्या केंद्राने एका पानावर लिहून द्यावं आणि व्हिडिओवर बघावं. एकच सावधगिरी, तीही कठोर: व्हिनोरेल्बिनसकट सदाफुलीच्या कुळातलं कुठलंही औषध पाठीच्या कण्यात गेलं तर मृत्यू जवळजवळ ठरलेला असतो, आणि जगात असं घडलेलं आहे. म्हणून ते सिरिंजमधून न देता छोट्या सलाईनच्या पिशवीतूनच द्यायचं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पहिल्या दिवसापासून लागू करावी. प्रशिक्षित सिस्टर नसेल तर केंद्र उघडू नये.

तापाचंही तसंच. काउंट तळाला असताना ताप आला तर पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेत जायला हवं. उशीर झाला तर मूल कर्करोगाने न जाता जंतुसंसर्गाने जातं. जालन्याहून मुंबई रात्री गाठायला किती तास लागतात ते आपल्याला सांगायला नको. एका मुलाला तालुक्याच्या ठिकाणी ‘कॅन्सरची केस आहे, आम्ही हात लावणार नाही’ म्हणून दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्याला कुल्ल्यावर तापाचं इंजेक्शन दिलं, प्लेटलेट पंधरा हजार असताना, आणि ती जागा काळीनिळी होऊन फुगली. दोन्ही ठिकाणी डॉक्टर वाईट नव्हते. त्यांना काय करायचं ते कुणी सांगितलेलं नव्हतं. प्रत्येक किमो चालू असलेल्या मुलाच्या गळ्यात एक मराठी कार्ड आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाला एक परिपत्रक: ताप १०१ च्या आसपास, रक्त घ्या, रिपोर्टची वाट न पाहता हे अँटिबायोटिक सुरू करा, स्नायूत इंजेक्शन देऊ नका, या नंबरवर फोन करा. पत्राच्या या भागाला एक पैसाही लागत नाही, म्हणून तो सर्वांत जास्त काळ पडून राहील अशी मला भीती आहे.

योजनेबद्दल बोललो नाही तर माझ्या टेबलाशी प्रतारणा होईल. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली, आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी योजना नसती तर मी ज्यांचे कागद करतो त्यांतले निम्मे लोक परळपर्यंत आलेच नसते. दीड लाखाची मर्यादा पाच लाख झाली, हेही मनापासून मान्य. पण मंजुरी अजून सायकलगणिक मागावी लागते. वर्षभराचा उपचार पहिल्याच दिवशी ठरलेला असतो, प्रोटोकॉल छापील असतो, तरी दर वेळी नवा फोटो, नवा रिपोर्ट, नवी वाट पाहणी. दोन सायकलमधलं अंतर कमी करण्यासाठी अमेरिकेने वर्षानुवर्षं संशोधन केलं. आपण ते अंतर एका क्वेरीत वाढवतो. बालकर्करोगासाठी अख्ख्या प्रोटोकॉलला एकदाच मंजुरी द्या, आणि पुढे रुग्णालयाने फक्त तारीख भरावी.

मुंबईत राहण्याचा प्रश्न शासनाने जवळजवळ संपूर्णपणे समाजावर सोडला आहे आणि समाजाने तो बऱ्यापैकी उचलला आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची मुलांसाठीची घरं आहेत. टाटा रुग्णालयाच्या बालविभागात इम्पॅक्ट फाउंडेशनने राहणं, खाणं, समुपदेशन, फोन करून विचारपूस असं सगळं हाती घेतल्यावर उपचार अर्धवट सोडून जाणाऱ्या मुलांचं प्रमाण खूप घटलं. टाटा रुग्णालय, जाता जाता आठवण करून देतो, १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. राज्याची मुलं, केंद्राचं रुग्णालय आणि दानशूरांची खोली, अशी ही व्यवस्था चालली आहे. राज्याने निदान बुडालेल्या मजुरीचा विचार करावा. क्षयरोग्याला पोषणासाठी दरमहा रक्कम थेट खात्यात मिळते, २०१८ पासून ५०० आणि २०२४ च्या अखेरीपासून १०००. तोच मार्ग किमो चालू असलेल्या मुलाच्या आईच्या खात्यापर्यंत नेता येईल. खातं जनधनचं आहे, नंबर योजनेकडे आहे, मूल जिवंत आणि हजर असल्याचा पुरावा दर आठवड्याला तयार होतो.

शेवटचा विषय कुणालाच आवडत नाही. वर सांगितलेल्या तक्त्यात पाच टक्क्यांची ओळ आहे आणि त्या ओळीत खरी मुलं आहेत. त्यांच्या आईबापांना पहिल्याच महिन्यात नीट, बसवून, दोघांना एकत्र सांगितलं जात नाही. सांगणाऱ्याला वेळ नसतो, ऐकणारे आशेवर असतात. मग आजार परततो आणि कुणीतरी म्हणतं, आता घरी न्या. घरी म्हणजे जिथे हाडांतल्या दुखण्यावर पॅरासिटामॉलपलीकडे काही नाही. खरं तर वेदनाशमनाचा डॉक्टर पहिल्या दिवसापासून सोबत असायला हवा, बऱ्या होणाऱ्या मुलालाही तो उपयोगी पडतोच. आणि घरी गेलेल्या मुलाला मॉर्फीन मिळायला हवं. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी मॉर्फीन ठेवणं सोपं झालं. मान्यताप्राप्त संस्थेला पूर्वीसारखे ढीगभर परवाने लागत नाहीत. ती मान्यता औषध नियंत्रकांच्या कार्यालयातून येते, म्हणजे आपल्या शेजारच्या खात्यातून. किती जिल्हा रुग्णालयांनी अर्ज केला आहे, किती भांडारांत आज मॉर्फीनच्या गोळ्या आहेत आणि लहान मुलासाठीचं पातळ मॉर्फीन कुठे मिळतं, याची जिल्हावार यादी आपल्या कार्यालयाने मागवावी आणि ती खात्याच्या संकेतस्थळावर लावावी. जिथे अर्जच गेलेला नाही, तिथे तो कोणत्या अधिकाऱ्याने करायचा हे नावानिशी ठरवून द्यावं.

कळावे,

आपला,
परळच्या फुटपाथवर कागद भरून देणारा एक स्वयंसेवक